ओ. कुर्पास, घर क्रमांक आठ

"कारण असं काही नव्हतंच," बाबा म्हणाले आणि उकडलेल्या अंड्याचं टरफल सोलत राहिले. शनिवारची सकाळ होती. मी पाव कापत होते आणि सहज विचारलं होतं, की कुर्पासबाईंनी तुमचं एवढं काय वाकडं केलं होतं. "गेममध्ये दहा माणसं हवी होती. खाली जिन्यात पाटीवर दहा नावं होती. प्शेमेक वाचत गेला, मी टाइप करत गेलो. दार लावून घेणारी बाई आमच्या यादीत आठवी होती, आणि आठ नंबरात त्या राहतात. संपलं." टरफलाचा एक बारीक कण अंड्याला चिकटला होता, तो ते नखाने काढत होते. सगळं लक्ष त्या कणाकडे. माझी सुरी पावात अर्ध्यावर थांबली. नऊ वर्षं. मी सात वर्षांची होते तेव्हापासून मला माहीत होतं की त्या बाईने काहीतरी केलंय. काय ते माहीत नव्हतं. पण मोठ्या माणसांना माहीत असणार, बाबांना तर नक्कीच, म्हणून तर त्यांनी तिला तिथे ठेवलं. आणि आता कळतंय की तिथे नुसता एक आकडा होता. एक ते दहामधला कुठलाही आकडा असू शकला असता. आम्ही तीनमध्ये राहतो. तीन नंबरचा माणूस गेममध्ये भाजी पिकवतो आणि सगळ्यांचा लाडका असतो. मी पाव तसाच ठेवला. तेव्हापासून माझा डावा पाय जो हलायला लागलाय तो थांबत नाही.

गेमचं नाव 'श्लुझा'. म्हणजे दोन दारांमधली ती खोली, जिथे बाहेरची पोकळी संपते आणि आतली हवा सुरू व्हायची असते. बाबा आणि प्शेमेककाका दोघांनी मिळून ती आमच्या स्वयंपाकघरात बनवली, चार वर्षं लागली. गोठलेला एक चंद्र, त्याच्या पोटात दहा माणसांची वस्ती. पैसे नव्हते म्हणून भिंतींचे फोटो बाबांनी आमच्याच जिन्यात काढले: खांद्यापर्यंत मोहरीच्या रंगाचा तैलरंग, वर चुना, पत्रपेट्यांची पत्र्याची दारं, कठड्याचं लाकूड. घरांची दारंसुद्धा आमचीच, थंडी आणि आवाज अडवायला तपकिरी रेक्झिनने गादीसारखी मढवलेली, बटणं ठोकलेली. परदेशातल्या समीक्षकांनी लिहिलं की अवकाशातल्या दाराला असं मऊ, गुदमरवणारं कातडं लावणं ही प्रतिभा आहे. बाबा ते वाचून लाजले होते, आणि एर्विन आजोबांनी विचारलं होतं की मग ही प्रतिभा आमच्या सहकारी सोसायटीची समजायची का. गेमच्या शेवटी तुम्ही बाहेर असता. तीन मिनिटांची हवा उरलेली असते. तुम्ही त्या मढवलेल्या दारावर हात मारता, दारावर पाटी असते, 'ओ. कुर्पास, ८', गोल काचेतून एक चेहरा दिसतो, एक सेकंद, फार तर एक, आणि आतून चाक फिरतं. बंद. मग तीन मिनिटं तुम्ही तिथे उभे राहता. पळून जायला जागा नाही, मारायला कोणी नाही. जगभरची पोरं नऊ वर्षं शोधतायत की काय केलं तर ती बाई उघडेल. कोणी म्हणतं आधी तिला चहा नेऊन द्यायचा, कोणी म्हणतं दारावर आठ वेळा हात मारायचा. मी स्वतः दोनशे वेळा तरी मेले असेन त्या दाराशी, पाठ त्या बटणांना टेकवून. उघडायची वाट बाबांनी केलेलीच नाही. हे फक्त मला, त्यांना आणि काकांना माहीत आहे.

आता त्याची मालिका होतेय. मोठी, आठ भागांची, परदेशी लोक करतायत आणि त्यांनी कुठल्याशा शेडमध्ये आमचा जिना उभा केलाय. फोटो आले होते. रंग लावून झाल्यावर तो मळवायला म्हणे चार माणसं दोन आठवडे लागली होती; मळ आमच्यापेक्षा छान जमलाय. सगळं ठीक चाललं होतं आणि मग त्यांच्या वकिलाचं पत्र आलं की ही दहा नावं खऱ्या, जिवंत माणसांची आहेत असं कळतं, तर प्रत्येकाची सही आणा, नाहीतर नावं बदलू. बदललेल्या नावांची यादीही जोडली होती. ओ. कुर्पासची 'मार्था कोल' होणार होती. ते नाव वाचून बाबांचा चेहरा असा झाला, जसं कोणी त्यांच्या शर्टाचं बटण ओढून तोडलं असावं. पण सह्या आणायला जायचं म्हटल्यावर त्यांना अचानक खूप काम निघालं. मग मी म्हटलं, मी जाते. मी हल्ली असं म्हणते. मागच्या वर्षापर्यंत मी कॉलरमध्ये बोलायचे, वर्गात बाईंनी नाव घेतलं की कान लाल. सप्टेंबरात कॅन्टीनमधल्या आंबट कोबीवर सगळ्या शाळेपुढे बोलायला कोणी तयार नव्हतं, तर मी उठले, आणि बोलतच सुटले, आणि लोक हसले, पण माझ्यावर नाही, माझ्याबरोबर; आणि कोबी बदलला. तेव्हापासून मला वाटतं की कुठलंही दार असो, मी तोंड उघडलं की ते उघडेल. चार दिवसांत आठ सह्या झाल्या. मजा येत होती. राहिले होते एर्विन आजोबा आणि कुर्पासबाई. त्यांना मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. का ते मी स्वतःला सांगितलं नव्हतं.

सहा नंबरचे एर्विन आजोबा तीस वर्षं कोळशाच्या खाणीत होते. त्यांनी चष्मा लावून संमतीपत्र वरपासून खालपर्यंत वाचलं आणि पहिला प्रश्न विचारला की मी मरतो कसा. मी म्हटलं, गुदमरून, तिसऱ्या भागात. "त्याचा सराव आहे मला," ते म्हणाले आणि खोकून दाखवलं. मग म्हणाले की नट देखणा असू दे, आणि त्याला मिशा असू देत, कारण मिशांशिवाय सहा नंबर ओळखू येणार नाही. फॉर्मवर खाली एक रकाना होता, 'अटी असल्यास'. मिशांचं लिहू का, मी विचारलं. त्यावर त्यांनी हात झटकला, ते आपलं बोलायला, असल्या रकान्यात कोणी काही लिहीत नसतं पोरी. एवढं हसून मी बाहेर आले आणि जिना चढायला लागले तर पाय हलेना. म्हणजे हलत होता, जागच्या जागी. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर एक खिडकी आहे, तिच्या कट्ट्यावर मी फाईल ठेवली आणि बाहेर बघत उभी राहिले. नोव्हेंबरचं आभाळ, अंगणात गालिचे झटकायची लोखंडी दांडी, तिच्यावर दोन मुली उलट्या लटकलेल्या. आम्हीही लटकायचो. तिथेच ठरायचं. गेम बाहेर पडली त्या वर्षी अंगणातल्या सगळ्या पोरांकडे ती होती, माझ्यामुळे फुकट, आणि सगळ्यांना ठाऊक झालं होतं की ती बाई खरी आहे, ती बघ, हातात पिशवी घेऊन चाललीय. मग कोणीतरी खालच्या मुख्य दाराशी पाटीवरचं आठ नंबरचं बटण दाबायचं आणि बोलायच्या यंत्रात तोंड घालून म्हणायचं, बाई, तीन मिनिटांची हवा उरलीय, उघडा. आणि पळायचं. 'कोणीतरी' हे मी आत्ता लिहिलं. मी म्हणायचे. आवाज घोगरा काढून, श्वास लागल्यासारखा, इतकं छान जमायचं की मोठी पोरं मला खांद्यावर घ्यायची. शाळेत कॉलरमध्ये बोलणारी मी, तिथे मात्र माझा आवाज सगळ्यांत मोठा. दोन उन्हाळे. तेव्हा वाटायचं आपण न्याय करतोय. तिने माणसाला बाहेर मरायला ठेवलं होतं ना. आज सकाळी अंड्याच्या टरफलाबरोबर तो न्याय गळून पडला होता आणि खाली उरली होती एक पोरगी, बटण दाबणारी. मला वाटलं परत जावं. मार्था कोल काय वाईट आहे. कोणाची नाही, कुठली नाही, अशी बाई बिनधास्त दार लावू शकते. मग वाटलं, नाही, मी जाऊन सांगणार, सगळं, आकड्याचं आणि बटणाचं, आणि त्या म्हणतील ते ऐकून घेणार. मनात वाक्यं जुळवायला लागले. कोबीच्या वेळी वाक्यं आपोआप आली होती. इथे प्रत्येक वाक्य 'मी तेव्हा लहान होते' अशा वळणावर येऊन घाण वाटायला लागायचं.

दार कुर्पासबाईंनी मी घंटी वाजवायच्या आतच उघडलं. "जिन्यात दहा मिनिटं उभी आहेस," त्या म्हणाल्या. "बूट काढ. त्या निळ्या सपाता घाल." हात पिठाचे. उद्याच्या सुपासाठी त्या नूडल्स कापत होत्या, आणि कापलेल्या नूडल्स आतल्या खोलीत पलंगावर पांढऱ्या चादरीवर पसरल्या होत्या, पिवळ्या, केसांसारख्या बारीक. एकट्या बाईला एवढ्या कशाला, माझ्या मनात आलं. त्यांनी मला काचेच्या पेल्यात चहा दिला आणि स्वतः पुन्हा सुरी हातात घेतली. पातळ पोळीची गुंडाळी, तिच्यावरून टक टक टक सुरी, बोटांच्या इतक्या जवळून की मला बघवेना. मी फाईल उघडली. घसा खाकरला. मालिकेचं, वकिलाचं, नावाचं सगळं सांगायला सुरुवात केली आणि त्यांनी सुरी न थांबवता म्हटलं, "माहीत आहे. एर्विनने सांगितलं. कुठे करायची सही?"

मी इतकी गोंधळले की म्हणाले, अहो पण आधी वाचा, ती बाई त्यात चांगली नाहीये. त्या म्हणाल्या की ती काय करते ते त्यांना पहिल्या वर्षीच कळलं होतं, भाच्याने दाखवलं होतं, दार त्यांचं होतं आणि पाटी त्यांची होती. "पटकन ओळखलं मी. म्हटलं, आलं शेवटी." मग बोटांना लागलेलं पीठ त्यांनी एकमेकांवर घासून काढलं. "तेव्हा तीन नंबरात तुझी आजी होती, तिने सांगितलं असणार तुझ्या बापाला. मला वाटायचं तिला ठाऊक नाही. पण खालच्या मजल्यांवर सगळं ऐकू जातं."

काय ठाऊक, मी विचारलं. खरं म्हणजे तोंड उघडून मी माझं सांगायला हवं होतं, तिथल्या तिथे. पण त्या सांगायला लागल्या होत्या, आणि तो आवाज असा नव्हता की त्याच्यात कोणी बोलावं. डिसेंबर होता, म्हणाल्या, एक्याऐंशीचा, लष्करी कायदा लागला आणि रस्त्यांवर रणगाडे आले तो. दुपारचे चार, अंधारून आलेलं. नवरा खाणीत, संपावर, तीन दिवस घरी नाही. खाली गाड्या थांबल्याचे आवाज आले, कुत्री, मग कोणीतरी जिना चढत आलं. एकटा माणूस. प्रत्येक मजल्यावर थांबत होता. दार वाजवत नव्हता, नखाने रेक्झिन खरवडल्यासारखं करत होता, खाली थांबलेल्या शिपायांना ऐकू जाऊ नये म्हणून. एक, दोन, तीन, एकेक दार करत वर. कोणी उघडलं नाही. "मीही उघडणार नव्हते. श्वास धरून इथे, दाराच्या आत उभी होते. सगळ्यांनी तेच केलं असेल, त्यांना मी काही म्हणत नाही. पण माझ्या हातातून सुपाचा डाव पडला. लोखंडी होता, जमिनीवर हा एवढा आवाज. त्याला कळलं की आत कोणीतरी आहे. बाकीच्या दारांशी त्याला वाटलं असेल घर रिकामं आहे. इथे त्याला माहीत होतं." त्या सुरी फडक्याने पुसत होत्या, जी आधीच पुसून झाली होती. तो काय म्हणाला, मी विचारलं. काहीच नाही. नुसता श्वास. मग उतरून गेला. कोण होता, पुढे काय झालं, कधी कळलं नाही. दुसऱ्या दिवशी जिन्यात सगळे एकमेकांना नेहमीसारखं नमस्कार-चमत्कार करत होते.

माझे कान लाल झाले होते, मागच्या वर्षीसारखे. मी म्हटलं, कुर्पासबाई, आजीने कोणालाच काही सांगितलेलं नाही. बाबांना काही माहीत नाही. त्यांनी पाटीवरची नावं ओळीने घेतली, दार लावणारी आठवी होती, तुम्ही आठ नंबर. बस. मी हे बोलत असताना मला स्वतःचाच राग येत होता, कारण ते 'बस' अगदी बाबांसारखं आलं. आणि थांबलं की धीर जाईल म्हणून तशीच पुढे गेले: ते बटण दाबून तीन मिनिटांची हवा म्हणणारी मी होते. दोन उन्हाळे. मीच.

त्यांनी सुरी खाली ठेवली. मग हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलले, मग त्यांना खुर्ची ओढून बसावं लागलं. "आठ नंबर," त्या म्हणाल्या. "अगं बाई. म्हणजे मला कोणी पकडलंच नव्हतं." डोळे पुसले तर कपाळाला पीठ लागलं. बटणाचं काय, मी विचारलं, मला शिक्षा हवी होती बहुतेक. त्यावर त्या म्हणाल्या की तो आवाज माझा आहे हे त्यांना माहीत होतं, पोरीचा आवाज घोगरा काढला तरी पोरीचाच राहतो. आणि दर वेळी त्यांनी वरून बटण दाबून खालचं दार उघडलं होतं. खटका वाजायचा, तुला ऐकू यायचा ना. वाट बघायच्या, कोणी वर येतंय का. चहासुद्धा टाकला होता एकदा. मला तो खटका आठवला. आम्ही पळता पळता तो ऐकायचो आणि वाटायचं, आपण जिंकलो.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. कोणीतरी वर येत होतं, सावकाश. टाच मोकळी असलेल्या सपाता, पायरीला फट, फट. मी ओळखलं. बाबा. अर्धा तास झाला म्हणून बघायला आले असणार. कुर्पासबाईंनी बोट उचललं, गप्प, असं नाही, नुसतं उचललं, आणि उठून दारामागच्या छोट्याशा बोळात जाऊन उभ्या राहिल्या. मीही त्यांच्यामागे गेले. पावलं दाराबाहेर थांबली. आता घंटी वाजेल. वाजली नाही. दोन मजले चढून लागलेला दम ऐकू येत होता, गादीसारख्या त्या जाड रेक्झिनमधूनही, आत, बाहेर, आत, बाहेर. मी त्या दाराच्या या बाजूला कधी उभी राहिले नव्हते. दोनशे वेळा मेले ती पलीकडे. माझ्या डोळ्यांसमोर बाबा दिसत होते, हात वर केलेला, बोट घंटीपासून एका पेराच्या अंतरावर, तोंडात एखादं वाक्य जुळवत असलेले, बहुतेक तेच जे मी खिडकीशी जुळवत होते. नुसती कडी फिरवायची होती. मी हात पुढे केला नाही. का नाही केला, मी किती वेळा विचार केलाय त्यानंतर. भीती नव्हती, राग नव्हता. प्रत्येक क्षणी वाटत होतं की पुढच्या क्षणी उघडू, आणि तो पुढचा क्षण आला की तोही असाच असायचा. कुर्पासबाई दाराकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. मग फट, फट, फट, खाली. पहिल्या मजल्यावर आमचं दार लागलं.

"तेव्हाही इतका वेळ?" मी विचारलं. आवाज कॉलरमध्ये गेला होता.

"हा तर काहीच नाही." त्यांनी बोळातल्या घड्याळाकडे हनुवटी केली. "तो सहा मिनिटं होता. मी त्या घड्याळाकडे बघत होते, कारण दाराकडे बघवत नव्हतं." मग आत येऊन बसल्या, नूडल्सची गुंडाळी बाजूला सारली आणि विचारलं की त्या गेममधली बाई किती वेळ घेते. एक सेकंद, मी म्हटलं. फार तर. चेहरा दिसतो आणि चाक फिरतं.

"एका सेकंदात माणूस असं करत नाही," त्या म्हणाल्या. "एका सेकंदात माणूस उघडतो. न उघडायला वेळ लागतो."

मी म्हटलं, मग मी त्यांना सांगते नाव बदला म्हणून, त्यांच्याकडे दुसरं तयारच आहे, तुम्हाला आता काही गरज नाही, कोणाला काही माहीत नाही. मी भरभर बोलत होते, मला त्यांना वाचवायचं होतं. त्यांनी हात पुढे केला, पेन मागितल्यासारखा. मी दिलं. त्या म्हणाल्या की मघाशी केली असती तर ती सही पकडलेल्या माणसाची झाली असती. मग चष्मा शोधला, तो फ्रिजवर सापडला, आणि 'ओतिलिया कुर्पास' असं सावकाश, गोल अक्षरांत लिहिलं. कागदाला थोडं पीठ लागलं. पेन परत देताना त्यांनी खालच्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. "इथे काय लिहितात?"

अटी असल्या तर, मी म्हटलं. मग कोणी काही लिहीत नसतं हेही सांगणार होते, पण नाही सांगितलं. पेन माझ्याच हातात होतं आणि माझा पाय, माझ्या लक्षात आलं, हलत नव्हता. सहा मिनिटं एक बाई दाराआड नुसती उभी आहे हे कोण ठेवणार. पहिल्या मिनिटालाच लोक पुढे ढकलतील, ते परदेशी साहेब म्हणतील गती जाते, वकील म्हणेल हे कुठल्या कायद्यात बसतं, प्शेमेककाका कपाळाला हात लावतील, आणि बाबांना मला सांगता येणार नाही की सहाच का. ते माझ्याकडे बघतील आणि मी सांगणार नाही. मला एकेकाशी भांडावं लागेल, पत्रं लिहावी लागतील, इंग्रजीत. मी फाईल खाली धरून शाळेतल्या अक्षरात लिहिलं: चाक फिरवण्याआधी ओ. कुर्पास दाराच्या आत सहा मिनिटं उभी राहून ऐकते. ही सहा मिनिटं कापायची नाहीत. वाचून दाखवलं. 'कापायची नाहीत'च्या खाली दोन रेघा मारल्या.

"तिसरी मार," कुर्पासबाई म्हणाल्या.